कार्ताझपासून पासपोर्टपर्यंत : रेवदंड्याचे मुसाफिर

अलिबाग तालुक्यात आजही प्रवासी रेल्वे येत नाही. रेवदंड्याहून मुंबई गाठायची तर एसटी धरायची, नाहीतर मांडव्यापर्यंत जाऊन लाँच पकडायची. पावसाळ्यात लाँच बंद झाली की रो-रो, आणि समुद्र फारच खवळला तर वडखळमार्गे रस्ता. अशा या भागात विमानाने नेमाने ये-जा करणारी माणसं मात्र भरपूर आहेत. कुणाचा मुलगा मस्कतला, कुणाचा जावई कुवेतला, कुणी महिनाभर तेलाच्या रिगवर आणि महिनाभर घरी. लग्नाच्या दावतीत दोन अनोळखी माणसं शेजारी बसली, तर तिसऱ्या मिनिटाला विषय निघतो : ‘तुमच्या एअरलाइनला किलो किती?’

विमानप्रवासाविषयी हल्ली बरंच लिहिलं जातं. रांगा लांब, खुर्च्या अरुंद, उशीर नेहमीचा, जेवण गार. मग खिडकीची जागा मिळाल्याचा आनंद, ढगांचे फोटो, ड्युटी फ्रीची चॉकलेटं. हे सगळं खरं आहे. पण लिहिणाऱ्यांना हा त्रास आणि ही मजा अगदी ताजी वाटते. आमच्या किनाऱ्यावर ती निदान अकराशे वर्षांची आहे. वाहन तेवढं बदललं. प्रवाशाला खरा अडवणारा कोण, हा प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि मला आज त्याविषयीच बोलायचं आहे.

सैमूरचे लोक

इसवी सन ९१६च्या सुमारास बगदादचा अल-मसूदी हा इतिहासकार सैमूरला आला. सैमूर म्हणजे आपलं चौल. रेवदंडा हे या जुन्या बंदराचं समुद्राकडचं तोंड. पुढे पोर्तुगिजांनी इथेच कोट बांधला, म्हणून दोन नावं वेगळी झाली. एरवी चौल-रेवदंडा हा एकच जोडशब्द. मसूदी लिहितो की त्या वेळी या शहरात सुमारे १०,००० मुसलमान राहत होते. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले व्यापारी, इथेच लग्न करून राहिलेले लोक आणि त्यांची इथे जन्मलेली मुलं. इथे जन्मलेल्यांना तो ‘बयासिरा’ म्हणतो. राज्य शिलाहार राजा झंझाचं. मुसलमानांचे आपसातले तंटे सोडवण्यासाठी त्यांच्यातलाच एक प्रमुख असे, त्याला ‘हुनरमन’ म्हणत.

‘तुम्ही मूळचे कुठले?’ असा प्रश्न आपल्याला अधूनमधून विचारला जातो. हे पान त्याचं एक उत्तर आहे. पण मला त्यात दुसरीही गोष्ट दिसते. हे लोक एकदा येऊन कायमचे बसलेले नव्हते. ते जात होते, येत होते. नेमाने प्रवास करणारा माणूस हा या गावाचा जुना रहिवासी आहे.

आणि त्याचा पहिला त्रास होता वाट पाहणं. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा इतका जोराचा की आपल्या किनाऱ्यावरची बंदरं बंद. पाऊस सरला, वारा ईशान्येकडून वाहू लागला की अरबस्तानाकडे शिडं उभारायची. परतीचा वारा वेगळा, त्याचे महिने वेगळे. वारा चुकला तर तास-दोन तासांचा उशीर होत नसे. पुढच्या हंगामापर्यंत मुक्काम वाढे. ‘हंगाम’ या अर्थाचा अरबी शब्द ‘मौसिम’. त्यावरून आपला ‘मोसम’ आला, आणि पोर्तुगिजांच्या तोंडून फिरत फिरत इंग्रजांचा ‘मान्सून’ही. म्हणजे आज वेधशाळा जो शब्द वापरते, तो मुळात प्रवाशांच्या वेळापत्रकातला शब्द आहे.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे अशा शब्दांचा मला नाद आहे. आमच्या कोळीवाड्यातला ‘नाखवा’ म्हणजे फारसीतला नाखुदा, जहाजाचा मालक किंवा कप्तान. बोटीवरचा ‘सारंग’ हा फारसी सरहंग. ‘बंदर’, ‘दर्या’, ‘परवाना’ फारसीतून आले. ‘खलाशी’, ‘हमाल’, ‘जकात’ अरबीतून. मुलांना मी सांगतो, की बाबांनो, या शब्दांनी व्हिसा घेतला नव्हता. माणसांना मात्र तो नेहमी लागला.

निकितीनचा घोडा

रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात एका रशियन माणसाचा स्मृतिस्तंभ आहे. अफनासी निकितीन. रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे वास्को द गामाच्या आधी पाव शतकापेक्षा जास्त, तो होर्मुझहून निघून चौलला उतरला. अंगावर कर्ज, वाटेत लुटला गेलेला, आणि सोबत विकायला आणलेला एक घोडा. आपल्याकडे त्या काळी चांगल्या घोड्यांना मोठी मागणी होती आणि ते समुद्रमार्गेच येत. समुद्रावर सहा आठवडे काढून आपण चौलला पोहोचलो, असं तो लिहितो. इथे लोक त्याच्यामागे जमा होत, गोरा माणूस पाहून नवल करत. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९५७ साली सोव्हिएत सहकाऱ्यांबरोबर ‘परदेसी’ हा चित्रपट काढला, तो याच निकितीनवर.

चौलहून तो घाट चढून जुन्नरला गेला. तिथे पावसाने अडकला, आणि तिथेच त्याची खरी अडचण झाली. जुन्नरचा बहमनी अधिकारी असदखान याने त्याचा घोडा काढून घेतला. हा माणूस मुसलमान नाही, परदेशी आहे, हे कळल्यावर खानाने अट घातली : धर्म बदल, घोडाही देतो आणि वर हजार सोन्याची नाणीही देतो. निकितीन हवालदिल झाला. शेवटी खुरासानचा एक खोजा मुहम्मद तिथे आला. निकितीनने त्याच्याकडे गाऱ्हाणं मांडलं. त्याने खानाकडे जाऊन रदबदली केली आणि घोडा परत मिळवून दिला.

ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा दोन्ही मुसलमानांची नावं घेतो. अडवणारा असदखान मुसलमान होता आणि सोडवणारा खोजा मुहम्मदही मुसलमानच. एकाच्या हातात अधिकार होता. दुसरा त्याच्यासारखाच परमुलखातून आलेला, प्रवासाचे हाल माहीत असलेला माणूस होता. आजही विमानतळावर हे दोघे भेटतात. एक काचेपलीकडे बसतो, दुसरा रांगेत आपल्या मागे उभा असतो.

कार्ताझ

निकितीन आला तेव्हा समुद्र कुणा एकाचा नव्हता. बंदरात जकात द्यायची, समुद्रावर चाचे आणि वादळ यांची भीती बाळगायची, एवढंच. पोर्तुगिजांनी हे चित्र बदललं. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलुकांचं आरमार आणि गुजरातचा मलिक अयाझ यांनी मिळून पोर्तुगिजांना हरवलं. व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेडा इथेच मारला गेला. त्याचं जहाज मासेमारीसाठी खाडीत रोवलेल्या खुंटांत अडकलं होतं. पण पुढच्याच वर्षी दीवला पोर्तुगिजांनी त्याचा बदला घेतला. १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने त्यांनी रेवदंड्याला कोट बांधायला घेतला. तो १७४०मध्ये मराठ्यांकडे येईपर्यंत त्यांच्याच ताब्यात होता. त्याची तटबंदी आजही माडांच्या बागांतून फिरताना दिसते.

या काळात एक नवा कागद जन्माला आला. त्याचं नाव कार्ताझ. समुद्रात जहाज न्यायचं तर पोर्तुगिजांकडून तो घ्यायचा. त्यावर कप्तान कोण, जहाज केवढं, खलाशी किती, शस्त्रं कोणती आणि जायचं कुठे, हे लिहिलेलं असे. ठरवून दिलेल्या ठिकाणी जकात भरावी लागे. कार्ताझ नसलेलं जहाज दिसलं तर पकडायचं, माल जप्त करायचा. ज्या पाण्यावर सैमूरच्या व्यापाऱ्यांची नातवंडं-पतवंडं पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करत होती, त्याच पाण्यावर जायला आता दूरच्या एका राजाची परवानगी लागू लागली.

हजला जाणाऱ्यांची पंचाईत तर आणखी वाईट. या कागदावर मरियम आणि येशू यांची चित्रं असत. अकबराच्या दरबारातल्या मखदूम-उल-मुल्क अब्दुल्ला सुलतानपुरी यांनी त्यावरून मत दिलं, की हिंदुस्थानच्या मुसलमानांवर आता हज फर्ज नाही. खुष्कीच्या मार्गाने जावं तर शिया इराण लागतो, समुद्राने जावं तर चित्रांचा परवाना घ्यावा लागतो. इतिहासकार बदायुनीने हे नोंदवून ठेवलं आहे. लोकांनी काय केलं? लोक गेले. बाबराची मुलगी गुलबदन बेगम १५७०च्या दशकात शाही स्त्रियांचा काफिला घेऊन निघाली. परवान्यासाठी तिला सुरतेत दीर्घकाळ थांबावं लागलं. तरी ती थांबली, कागद घेतला आणि गेली. परतताना एडनजवळ जहाज फुटलं, तिथे पुन्हा मुक्काम. १५८२मध्ये ती घरी पोहोचली. आणि ज्यांनी हज फर्ज नाही असं सांगितलं, त्या मखदूम-उल-मुल्कना अकबराने पुढे स्वतःच मक्केला धाडलं!

मौलवींपेक्षा मुसाफिर नेहमीच जास्त व्यवहारी असतो. कागदाचा अपमान गिळून तो पुढे जातो, कारण त्याला कुठेतरी पोहोचायचं असतं. पण गिळलेला अपमान नाहीसा होत नाही, हेही खरं.

बोटीचे दिवस

इंग्रजांच्या काळात वाफेची जहाजं आली आणि वाऱ्याची वाट पाहणं संपलं. कोकणातले आपले लोक त्या जहाजांवर खलाशी, तांडेल, सारंग म्हणून गेले. कितीतरी घरांत त्या नोकरीचा दाखला अजून ट्रंकेत जपून ठेवलेला असतो. ‘नली’ म्हणतात त्याला. नली असलेल्याच्या घरी मुलगी द्यायला लोक एका पायावर तयार असत.

बोटीच्या प्रवासाचे त्रास आठवणारी पिढी आता थोडी उरली आहे. कुलाबा जिल्ह्यातल्या माणसाला तर मुंबई गाठणंही सोपं नव्हतं. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेत बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. आषाढ अमावास्येसाठी गावी निघालेले चाकरमानी होते. कोळी, आगरी, मुसलमान, भंडारी, सगळ्यांच्या घरात रडारड झाली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता.

आखाताकडेही बोटीच जात. ८ एप्रिल १९६१ रोजी दुबईजवळ ‘दारा’ बोटीवर स्फोट झाला, २३८ माणसं मेली. बसऱ्याहून मुंबईकडे येणारी ही बोट. तिच्यावर आपल्याकडचे मजूर, व्यापारी, कुटुंबं असत. त्याच कंपनीची ‘द्वारका’ बोट १९८२पर्यंत मुंबई, कराची, मस्कत, दुबई, बहरीन, कुवेत अशी फिरत राहिली. डेकचं तिकीट काढून वळकटी पसरायची, घरून आणलेल्या भाकऱ्या आणि सुकट खायची, आणि बंदर आलं की डॉक्टरपुढे उभं राहायचं.

हाजींचंही तसंच. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात दिवस काढायचे, कागद गोळा करायचे, मग बोट. पूर्वीच्या काळी जेद्दाहच्या आधी तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर उतरवून क्वारंटाइनमध्ये ठेवत. कपडे वाफेत घालत. २०२०मध्ये आखातातून परतलेल्या आपल्या माणसांना हॉटेलच्या खोलीत कोंडलं गेलं, तेव्हा ‘हे काय नवीन?’ असं सगळे म्हणत होते. नवीन काहीच नव्हतं. हजची बोट १९९५मध्ये बंद झाली. एका बाजूला दहा-पंधरा दिवसांचा प्रवास विमानाने पाच-सहा तासांवर आला. चाळीस वर्षं वाट पाहून हजला जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मनाची तयारी करायलाही आता वेळ मिळत नाही, असं आमचे एक चाचा म्हणायचे. बोटीवर माणूस हळूहळू हाजी होत जायचा.

तोच रस्ता, हवेतून

गंमत अशी, की विमान आलं तेही याच जुन्या रस्त्याने. १९३२मध्ये शारजाहच्या वाळूत ब्रिटिश विमान कंपनीसाठी धावपट्टी आणि मुक्कामाचा छोटा किल्ला बांधला गेला. लंडनहून हिंदुस्थानकडे निघालेले प्रवासी तिथे रात्री झोपत आणि सकाळी कराचीकडे उडत. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. बसरा, शारजाह, कराची, मुंबई : मसूदी आणि निकितीन ज्या समुद्राने आले, त्याच समुद्राच्या काठाकाठाने हवेत रेघ मारलेली.

दुबईचा विमानतळ १९६०मध्ये सुरू झाला, तोही दाबून बसवलेल्या वाळूच्या धावपट्टीवर. १९७३मध्ये तेलाचे भाव भडकले, आखातात बांधकामं निघाली आणि कोकणातली मुलं विमानात बसू लागली. त्याआधी आपल्याकडे विमान म्हणजे श्रीमंतांची गोष्ट होती. कोकणी मुसलमानांत ते मजुरीचं वाहन म्हणून आलं. म्हणून आपल्या बोलण्यात विमानाचं कौतुक कमी आणि हिशेब जास्त.

माझी बहीण आणि भाऊ आखातात आहेत. वडीलधाऱ्यांना सोबत म्हणून मीच जातो, कारण ‘मास्तरला फॉर्म भरता येतो’. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत वीसेक वेळा तरी विमानात बसलो असेन. २०१७च्या जुलैपर्यंत देशाबाहेर जाताना प्रत्येक भारतीयाला एक छापील कार्ड भरावं लागे. नाव, पासपोर्ट नंबर, पत्ता, कशासाठी जाता. मी खिशातून पेन काढला की दोन मिनिटांत समोर पासपोर्टांची चळत जमायची. बिहारचा गवंडी, तेलंगणाचा सुतार, उत्तर प्रदेशाचा शिंपी. ‘भाईसाब, ज़रा ये भी।’ मी ओळीने भरत जायचो. सही करायच्या जागी बोट ठेवून दाखवायचो. कुणी उर्दूत सही करायचा, कुणी तेलुगूत, कुणी नुसतीच एक वळणदार रेघ. विमानाला चार तास उशीर झालेल्या एका रात्री मी तीस-बत्तीस कार्डं भरली. त्या बदल्यात मला चहा, लाडू आणि एका माणसाकडून लिंबाचं लोणचं मिळालं. खोजा मुहम्मदाचं काम इतकं स्वस्तात करायला मिळणं, ही माझ्या विमानप्रवासातली सगळ्यात मोठी चैन.

बाकीच्या चैनी लहान आहेत. खोक्यावर जाड मार्करने ‘रेवदंडा, जि. रायगड’ असं लिहिणं. घरच्या काट्यावर बॅग तीनदा तोलणं, तरी काउंटरवर दीड किलो जास्त भरणं, मग तिथेच जमिनीवर बसून सोड्यांची पिशवी एका बॅगेतून दुसरीत आणि आमसुलं जॅकेटच्या खिशात. आईला खिडकीची जागा मिळाली की तिचं पाच तास गप्प बसणं. घरी ती पाच मिनिटंही गप्प बसत नाही. पावसाळ्यात मुंबईला उतरताना धावपट्टीच्या अलीकडे झोपड्यांवरची निळी ताडपत्री दिसणं, आणि शेजारच्या अनोळखी माणसाने ‘आलं घर’ म्हणणं. मुंबईहून दक्षिणेकडे जाताना ढग नसतील तर कुंडलिकेचं मुख आणि कोर्लईची सोंड दिसते. वरून पाहिलं की कळतं, पोर्तुगिजांना नेमकी हीच जागा का हवी होती.

त्रासांची यादी सगळ्यांना पाठ आहे, ती मी लांबवत नाही. एक मात्र सांगतो. आपली नावं वाचून काचेपलीकडचा माणूस कधीकधी थांबतो, पासपोर्ट पुन्हा उलटून पाहतो. मलाही बाजूला उभं केलेलं आहे. २००९मध्ये माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांची दिल्लीच्या विमानतळावर एका परदेशी विमान कंपनीच्या लोकांनी झडती घेतली होती. त्यांनी कसलाही गाजावाजा केला नाही. गाजावाजा नंतर संसदेत झाला. आपली माणसं बहुतेक वेळा कलामसाहेबांसारखीच गप्प राहतात. फरक इतकाच, की त्यांच्यासाठी संसदेत कुणी उठत नाही.

दहावीचा दाखला

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं त्या गोष्टीकडे येतो.

१९८३च्या एमिग्रेशन कायद्यानुसार दहावी पास नसलेला माणूस आखातातल्या देशांत नोकरीला निघाला, तर त्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असतं. म्हणजे जाण्याआधी सरकारची वेगळी मंजुरी हवी. दहावी पास असलेल्याला ती लागत नाही. कायद्याचा हेतू चांगला आहे. न शिकलेल्या मजुराला एजंटांनी फसवू नये, करार आधी तपासला जावा, यासाठी तो केला. पोर्तुगिजांचा कार्ताझ पैसे उकळण्यासाठी होता, हा संरक्षणासाठी आहे. दोन्ही एका मापाने तोलणं बरोबर नाही. पण विमानतळाच्या रांगेत उभं राहिल्यावर मजुराला हेतू दिसत नाही, शिक्का दिसतो. त्याला बाजूला घेतलं जातं, प्रश्न विचारले जातात, आणि त्याचा घसा कोरडा पडतो. मग तो एजंटाला पैसे देऊन ‘दुसरा रस्ता’ शोधतो. नोकरीसाठी टुरिस्ट व्हिसावर जातो. कायद्याने ज्याला जपायचं ठरवलं, तोच कायद्याच्या बाहेर पडतो.

काही वर्षांपूर्वी नववीतून शाळा सोडलेला माझा एक विद्यार्थी करार घेऊन घरी आला. इंग्रजी आणि अरबी, दोन रकान्यांत छापलेला. एजंटाने त्याला ड्रायव्हरची नोकरी सांगितली होती. कागदावर ‘हेल्पर’ होतं आणि पगार सांगितल्यापेक्षा बराच कमी. मी वाचून दाखवलं. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. एजंटाला पैसे देऊन झाले होते, त्यासाठी आईचे दागिने गहाण होते. ‘सर, जाऊ का?’ असं त्याने विचारलं, पण ते विचारणं नव्हतं. तो गेला. दोन वर्षं हेल्पर म्हणून राबला. मागच्या सुट्टीत परत आला तेव्हा माझ्याकडे पुन्हा आला आणि म्हणाला, ‘सर, सतरा नंबरचा फॉर्म भरायचाय.’ सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे बाहेरून दहावीला बसण्याचा. आता रात्री खोलीवर अभ्यास करतो, भूमितीत अडला की फोटो काढून पाठवतो. मी तो बाजूच्या गणिताच्या मॅडमकडे पाठवतो आणि उत्तर परत त्याला.

मसूदीच्या काळी वारा अडवत होता. निकितीनला खानाने अडवलं, गुलबदन बेगमला पोर्तुगिजांच्या परवान्याने. आपल्या मुलाला अडवतो तो त्याला वाचता न येणारा कागद. पहिल्या तिघांच्या अडचणीवर आपल्याला काही करता येत नाही. चौथ्याच्या येतं. दहावीचं प्रमाणपत्र आपल्याकडे अजूनही ‘निदान एवढं तरी कर’ अशा सुरात मागितलं जातं. माझ्या मते ते आजच्या मुसाफिराचं पहिलं सामान आहे. ते हाती असलं की रांग एक कमी होते, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपला करार आपल्याला वाचता येतो.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्याच रायगड जिल्ह्यात, पनवेलजवळ, नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरला पहिली देशांतर्गत उड्डाणं निघाली. त्यासाठी उलव्याची टेकडी सपाट केली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला आणि दहा गावांनी घरं सोडली. त्या लोकांच्या मोबदल्याची गोष्ट हाही कागदांचाच इतिहास आहे, तो कधीतरी स्वतंत्र लिहायला हवा. रेवदंड्याच्या माणसाला मात्र आता सहारपर्यंत जायची गरज हळूहळू कमी होईल. विमानतळ जवळ आला याचा आनंद मलाही आहे. तिथे आपली मुलं नुसती खोकी बांधून रांगेत उभी राहणार, की त्यांच्यातली काही काचेपलीकडेही बसणार, हे मात्र धावपट्टीवर ठरणार नाही. ते नववी आणि दहावीच्या वर्गात ठरतं.

म्हणून सुट्टीवर आलेल्या भावांना माझं एक सांगणं आहे. चॉकलेटं वाटून झाली की एक संध्याकाळ गावातल्या शाळेत या. आपला पासपोर्ट, आपला करार, पगाराची चिठ्ठी घेऊन या आणि नववीतल्या मुलांना ते कागद दाखवा. कुठल्या ओळीने तुम्हाला फसवलं, कुठल्या ओळीने वाचवलं, ते बोट ठेवून सांगा. मुलं मास्तरांचं ऐकत नाहीत, पण दुबईहून आलेल्याचं नक्की ऐकतात. सतरा नंबरचे फॉर्म माझ्याकडे आहेत. पेनही.